रानवाटेवर एकट्याने सायकल: तिसरा वाटा शिल्लक ठेवा

घाटातल्या डांबरी रस्त्यावर दोन-तीन हंगाम सायकल चालवली की नजर आपोआप रस्ता सोडून बाजूला वळू लागते. मुरमाची एखादी गाडीवाट झाडीत शिरताना दिसते, पलीकडे धरणाचं पाणी असतं, वर कारवीने भरलेला उतार असतो, आणि वाटतं की एखादा दिवस हीच वाट धरावी, सोबतीला कोणी मिळो न मिळो. हा लेख अशा एका दिवसासाठी आहे. सह्याद्रीतली रानवाट, माउंटन बाइक आणि एकटे तुम्ही.

आधी एक अट. रस्त्यावर चार-पाच तास सायकल चालवण्याचा सराव आणि जाणत्या माणसांबरोबर काही वेळा कच्च्या वाटेवर जाण्याचा अनुभव नसेल, तर पहिल्याच खेपेला एकट्याने रानात जाऊ नका. एकट्याने जाणं ही पुढची पायरी आहे.

एकट्याने जाण्यातलं सुख खरं आहे. आपल्या वेगाने चढता येतं, मन होईल तिथे थांबता येतं, शेकरूचा आवाज आला तर ते दिसेपर्यंत झाडाखाली उभं राहता येतं. पण चौघांच्या गटात एकाचा पाय मुरगळला तर एक जण त्याच्यापाशी थांबतो, दुसरा गावात जातो, तिसरा त्याची सायकल आणतो. एकट्या माणसाला यातलं कोणीच नसतं. ही उणीव भरून काढायचा एकच मार्ग आहे: हाताशी असलेल्या प्रत्येक गोष्टीत शिल्लक ठेवणं. वेळ, पाणी आणि अंगातलं बळ यांचे तीन वाटे करा. एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि तिसरा हात न लावता ठेवण्यासाठी. पुढची जवळपास प्रत्येक सूचना हा तिसरा वाटा जपण्यासाठीच आहे.

वाट निवडताना

रान कोणत्या कायद्याखाली येतं हे आधी बघा. आरक्षित वनाला १९२७चा भारतीय वन कायदा लागू होतो, अभयारण्याला आणि राष्ट्रीय उद्यानाला १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हा गुन्हा आहे, मग तुम्ही पायी असा की सायकलवर. भीमाशंकर, ताम्हिणी, कोयना, राधानगरी ही नावं सायकलस्वारांच्या बोलण्यात नेहमी येतात, आणि ही सगळी अभयारण्यं आहेत. कोयना आणि चांदोली मिळून २०१०मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तिथले नियम आणखी कडक आहेत. एखाद्या ॲपवर कोणाचा तरी ट्रॅक सापडला म्हणजे ती वाट सर्वांना खुली आहे असं होत नाही. त्या भागातल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. सायकल नेता येते का, शुल्क किती, कोणत्या महिन्यांत प्रवेश बंद असतो, सध्या कोणत्या भागात गव्यांचा किंवा बिबट्याचा वावर आहे. वनरक्षकाला तुमचा बेत माहीत असला, तर रानात तुमच्याबद्दल जाणणारं एक माणूस वाढतं.

काही जागी मनाई नसली तरी चाक नेऊ नये. कासच्या पठारासारख्या जांभ्याच्या सड्यांवर कातळावर मातीचा अगदी पातळ थर असतो, आणि सीतेची आसवं, दवबिंदू यांसारखी नाजूक झाडं त्याच थरावर जगतात. कास २०१२पासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे, पण ज्या सड्यांची नावं कोणत्याही यादीत नाहीत तेही तितकेच नाजूक आहेत. देवराईच्या वेशीवर सायकल बाहेर ठेवा. आत जायचं तर पायी आणि गावाची रीत विचारून.

पहिल्या एकट्या दिवसासाठी वाट साधी निवडा. धरणाच्या पाणफुगवट्याच्या कडेने जाणारी किंवा दोन-तीन वाड्यांना जोडणारी, अर्ध्याहून अधिक गाडीवाट असलेली, दर चार-पाच किलोमीटरवर वस्ती लागणारी आणि गेलात त्याच वाटेने परतता येईल अशी. गोल फेरीचा मोह पुढच्या वेळेसाठी ठेवा. गेलेल्या वाटेनेच परतताना कुठे चढ आहे, कुठे ओढा आहे, कुठे पाणी मिळतं हे सगळं माहीत झालेलं असतं.

अंतराचा हिशेब डांबरी रस्त्यावरून करू नका. रस्त्यावर तासाला वीस किलोमीटर सहज काढणारा माणूस रानवाटेवर, चढ, ढकलणं आणि वाट शोधणं धरून, तासाला सहा ते आठ किलोमीटर जातो. म्हणजे पंचवीस किलोमीटरची वाट हा साडेतीन-चार तासांचा सरळ व्यायाम झाला, आणि त्यात बिघाड, जेवण, विश्रांती अजून धरलेली नाही. पहिल्या दिवसाला एवढं पुष्कळ आहे.

घाटमाथ्यावरून सुरुवात करणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एरवी माणूस डोंगर आधी चढतो आणि दमल्यावर उतरतो. पुण्या-साताऱ्याकडून आलेला माणूस मात्र डोंगराच्या माथ्यावरच उभा असतो आणि त्याच्यापुढे कोकणाकडचा उतार असतो. सकाळच्या गारव्यात पाचशे-सहाशे मीटर उतरणं फार सोपं जातं. दुपारी तीच उंची उन्हात, सायकल ढकलत, तळाशी गेलेल्या पाण्यावर परत चढावी लागते. अशा दिवशी तीन सारखे वाटे पुरत नाहीत, परतीला दुप्पट वेळ लागतो. त्यामुळे एकट्याने असताना सुरुवातीला माथ्याची कडा ओलांडू नका, आणि शक्य असेल तिथे चढ आधी, उतार नंतर अशी दिशा धरा.

ऋतू आणि वेळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यांत चांगला. वाट कोरडी, ओढ्यांना थोडं पाणी, ऊन सोसवणारं. ऑक्टोबरमध्ये रान देखणं असतं, पण गवत कमरेएवढं वाढलेलं असतं आणि वाटेची कड, दगड, साप हे सगळं त्याखाली झाकलेलं असतं. पावसाळ्यात एकट्याने रानवाट टाळा. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा वरच्या अंगाला पाऊस झाला की तासाभरात कमरेएवढा होतो आणि परतीची वाट तुटते. शिवाय ओल्या मातीत चाकांचे चर पडतात, त्यांतून पाणी वाहतं आणि गावकऱ्यांची रोजची पाऊलवाट दोन पावसांत ओहोळ होऊन बसते. मार्चपासून पुढे जायचं तर उजाडताच निघा आणि अकराच्या आत सावलीत या. या दिवसांत वणव्याची भीती असते. काडी, विडी, सिगारेट, चहासाठीची चूल यांतलं काहीही रानात नको. लांबवर धूर दिसला तर वारा कुठून येतो ते बघा आणि उघड्या कातळाकडे किंवा वस्तीकडे वळा.

हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण खोऱ्यात आणि दाट झाडीत उजेड अर्धा-पाऊण तास आधीच जातो. म्हणून सकाळी सातला चाकं फिरू द्या आणि दुपारी साडेतीन-चारला वाहनापाशी परत या. उरलेले दोन तास हा वेळेचा तिसरा वाटा.

सायकल: आदल्या संध्याकाळी अर्धा तास

महागडी सायकल लागत नाही. फक्त पुढे सस्पेन्शन असलेली चांगली हार्डटेल, रुंद खरबरीत टायर आणि डिस्क ब्रेक एवढं पुरे. मात्र ती सायकल आदल्या संध्याकाळी उजेडात बारकाईने तपासलेली हवी.

टायर दाबून आणि फिरवून बघा. बाजूच्या भिंतीला चीर, आत रुतलेला काटा, रबरातून डोकावणारे धागे यांतलं काही दिसलं तर आत्ताच उपाय करा. हवा रस्त्याच्या सवयीने ठासून भरू नका. सव्वादोन इंची टायर आणि सत्तर किलोचा स्वार असेल तर ट्यूबलेससाठी २२ ते २६ पीएसआय आणि ट्यूब असेल तर २८ ते ३२ पीएसआय हा सुरुवातीचा अंदाज धरा. जास्त हवेने चाक दगडावरून उसळतं, फार कमी हवेने ट्यूब दगड आणि रिम यांच्यात चिमटून तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. बाभूळ, बोर, करवंदीच्या काट्यांच्या मुलखात ट्यूबलेस टायर आणि आतलं सीलंट फार उपयोगी पडतं. पण आपल्या हवेत सीलंट काही महिन्यांत सुकतं. चाक काढून कानापाशी हलवा. डुचमळल्याचा आवाज आला नाही तर भर घाला.

ब्रेक दाबल्यावर लिव्हर हँडलला टेकता कामा नये. पॅड झिजले असतील तर बदला. रानातला लांब उतार ही झिजलेले पॅड घेऊन जायची जागा नाही. चेन पुसून तेल द्या. हँडल, सीट, चाकं आणि क्रँक यांचे बोल्ट आवळलेले आहेत ना ते बघा. मागचा डिरेलर ज्या छोट्या धातूच्या तुकड्यावर टांगलेला असतो, तो हँगर प्रत्येक सायकलचा वेगळा असतो. तुमच्या सायकलचा एक जादा हँगर दुकानातून मागवून कायम पिशवीत ठेवा.

सॅकमध्ये काय हवं

• पाणी: हिवाळ्यात किमान तीन लिटर. त्यातली एक लिटरची बाटली वेगळी, सॅकच्या तळाशी, अडचण आल्याशिवाय न उघडण्याची. सोबत ओआरएसची पाकिटं. ती नसतील तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

• खाणं: दशम्या किंवा थालीपीठ, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, शेंगदाण्याची चिक्की, गूळ. दर तासाला थोडं खा, भूक लागण्याची वाट पाहू नका. उपाशी पोटी आधी लक्ष ढळतं, मग पाय थकतात.

• दुरुस्ती: पंप, एक-दोन ट्यूब (टायर ट्यूबलेस असला तरी), पंक्चरचे पॅच, टायर लिव्हर, चेन तोडण्याचं हत्यार असलेलं मल्टीटूल, चेनच्या मापाची क्विक लिंक, हँगर, प्लास्टिकचे झिप टाय, थोडी चिकटपट्टी.

• प्रथमोपचार: दोन क्रेप बँडेज, गॉझ, चिकटपट्ट्या, जखम धुण्यासाठी वेगळं स्वच्छ पाणी, रोज घ्यावी लागणारी औषधं आणि रक्तगट-ॲलर्जी लिहिलेला कागद.

• इतर: हेडलॅम्प, शिट्टी, पॉवर बँक, पातळ विंडचीटर, आधारकार्ड, सुटे पैसे.

अंगावर हेल्मेट, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि चष्मा असावा. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे. मागे सरकवलेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं. इअरफोन घरी ठेवा. रानात कान ही पहिली सूचना देणारी जागा आहे.

फोनमध्ये त्या भागाचा नकाशा आधीच उतरवून घ्या आणि वाटेत फोन फ्लाइट मोडवर ठेवा. रेंज शोधत राहिलेला फोन दुपारपर्यंत रिकामा होतो. जीपीएस फ्लाइट मोडमध्येही चालतं.

घरी ठेवायची चिठ्ठी

एका विश्वासाच्या माणसाला लेखी सांगा. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. कुठून निघणार, कोणत्या वाड्यांवरून जाणार, कुठे वळणार, गाडी कुठे उभी आहे आणि तिचा क्रमांक काय, अंगात कोणत्या रंगाचे कपडे आहेत, किती वाजता फोन करणार. शेवटची ओळ सगळ्यांत महत्त्वाची: किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं. चारला परतणार असाल तर ही वेळ सहा ठेवा. आणीबाणीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, वनविभागाची मदतवाहिनी १९२६ हे क्रमांक चिठ्ठीत लिहा. डोंगरातल्या बचावकार्यासाठी गिर्यारोहकांनी उभं केलेलं महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, त्याचाही मदत क्रमांक शोधून ठेवा. एकदा चिठ्ठी दिली की बेत बदलू नका. बदलायचाच तर रेंज असेल तिथून, कळवून मगच बदला.

पायथ्याच्या वाडीत गाडी एखाद्या घराच्या अंगणाशी, विचारून लावा. कुठे जाणार आणि कधी येणार ते त्या घरात सांगा. स्त्रियांनी एकट्याने जाताना ही ओळख आवर्जून करून ठेवावी. ज्या घरातली मावशी संध्याकाळी तुमची वाट बघणार आहे, त्या वाडीत तुम्ही परक्या राहत नाही.

वाट विचारण्याची रीत

रानात भेटणारा गुराखी, लाकडं आणणाऱ्या बाया, धनगरवाड्यावरचे आजोबा यांच्याइतका खरा नकाशा कोणाकडे नाही. पण विचारण्याची रीत हवी. "ही वाट खालच्या गावात जाते ना?" असं विचारलं तर पाहुण्याचं मन राखायला "जाती की" असं उत्तर येतं. सायकलवरून उतरा, हेल्मेट-चष्मा काढा, राम राम घाला आणि मोकळं विचारा, "आजोबा, खाली जायला वाट कोणती?" मग पुढचं विचारा, "सायकल जाईल का? मध्ये ओढा किती? पावसात वाट वाहून तर नाही ना गेली?" आणि पाण्याचं ठिकाण विचारायला विसरू नका. "हाकेच्या अंतरावर" याचा अर्थ किलोमीटरमध्ये लावू नका, चालत किती वेळ लागतो ते विचारा. तोही डोंगर चढायला सरावलेल्या पायांचा वेळ आहे, त्यात थोडी भर घाला.

रुळलेली वाट आणि ढोरवाट यांतला फरक ओळखायला शिका. ढोरवाटा गुरांच्या चरण्याप्रमाणे फुटतात, उतारावर एकीच्या वर एक अशा समांतर धावतात आणि झुडपात विरून जातात. माणसांची वाट कुठेतरी पोचते. तिच्यावर दगडाच्या पायऱ्या, तोडलेल्या फांद्या, चप्पलांचे ठसे दिसतात. फाट्यावर मागे वळून बघा आणि शक्य तर फोटो काढा, कारण परतताना तोच फाटा उलट्या बाजूने अगदी अनोळखी दिसतो. वाट चुकल्याची शंका आली की तिथेच थांबा, पाणी प्या आणि खात्रीच्या शेवटच्या जागेपर्यंत मागे या. "खाली पाणी दिसतंय, सरळ उतरू" हा विचार सह्याद्रीत घातक आहे. वरून सलग दिसणाऱ्या उतारात मध्येच सरळ तुटलेला कडा असतो.

चढ, उतार आणि सायकलवरून उतरणं

चढावर हलका गिअर चढ सुरू होण्याआधी टाका. सीटच्या पुढच्या टोकावर बसा, कोपर खाली, छाती हँडलच्या जवळ. श्वास बोलण्यापुरताही उरत नसेल तर उतरून ढकला. गटात असताना माणूस दुसऱ्याला बघून जोर लावतो. एकट्याने ती शक्ती संध्याकाळसाठी ठेवायची असते.

उतारावर सीट खाली करा. दोन्ही पेडल आडव्या रेषेत, गुडघे-कोपर सैल, वजन पायांवर, कंबर थोडी मागे. एकेक बोट दोन्ही ब्रेकवर. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात ब्रेक सोडलेले हवेत. पुढचा ब्रेक घाबरून टाळू नका, थांबवण्याची ताकद त्याच्यातच जास्त असते, फक्त तो चाक सरळ असताना आणि हळुवार दाबा. मागचं चाक अडकवून घसरत जाऊ नका. त्यात ताबा जातो आणि वाटही खणली जाते. नजर पुढच्या आठ-दहा मीटरवर ठेवा. ज्या दगडाकडे टक लावून बघाल, चाक त्यावरच जाईल.

सह्याद्रीची जमीन दर फर्लांगाला बदलते. काळा कातळ कोरडा असला की चाक घट्ट धरतो, ओला आणि शेवाळलेला असला की पाऊलही ठरत नाही. जांभ्याचे आणि मुरमाचे बारीक खडे चाकाखाली गोट्यांसारखे फिरतात, त्यामुळे घसाऱ्यावर वळताना सायकल कमी आणि हळू कलवा. सागाच्या आणि ऐनाच्या वाळक्या पाल्याखाली दगड आहे की खड्डा हे दिसत नाही. पाला दिसला की वेग निम्मा करा.

आणि उतरा. पुढचा टप्पा दिसत नसेल, एका बाजूला दरी असेल, पडलं तर कुठे थांबू हे सांगता येत नसेल, तर सायकल खांद्यावर किंवा हातात घेऊन चाला. सोबत कोणी असताना जी उडी घ्याल, ती एकट्याने घेऊ नका. समोरून माणूस, गुरं किंवा डोक्यावर मोळी घेतलेली बाई आली तर तुम्ही थांबायचं, दरीच्या बाजूची जागा स्वतःकडे घेऊ नका, आणि त्यांना पुढे जाऊ द्यायचं. ती वाट त्यांची आहे.

जनावरं

रोजच्या अनुभवात सर्वांत जास्त त्रास होतो तो कळपाच्या राखणीच्या कुत्र्यांचा. ती पाठलाग करतात तो चाकाच्या वेगाचा. सायकल पळवू नका, उतरा, सायकल मध्ये धरा आणि राखणदाराला हाक मारत शांतपणे चालत राहा.

राधानगरी, कोयना, आंबोलीच्या बाजूला गवे भेटतात. गवा वाटेवर असेल तर लांब थांबा, घंटी वाजवू नका, त्याला बाजूला व्हायला वेळ द्या. एकटा नर गवा आणि पिल्लाची आई यांच्यापासून जास्तच लांब. बिबट्या बहुधा दिसतही नाही. दिसलाच तर पळू नका, बसू नका, सायकल आडवी धरून ताठ उभे राहा, मोठ्याने बोला आणि तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरका. आंधळ्या वळणांवर आवाज देत जा, जनावर अचानक समोर येत नाही.

आग्या मोहोळ असलेल्या कड्याखाली थांबू नका, उग्र वासाचा स्प्रे मारू नका. माश्या उठल्या तर हात न झटकता तोंड झाकून लांब निघून जा. शेतांच्या कडेला तार लावलेली दिसली तर तिला शिवू नका. रानडुकरं रोखायला काही ठिकाणी बेकायदा वीज सोडलेली असते.

साप चाकाखाली येण्यापेक्षा हाताखाली येण्याचा धोका मोठा. दगडावर, पाल्यात, बिळाशी बघितल्याशिवाय हात टेकू नका आणि सायकल गवतात आडवी टाकू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. चौघांच्याही विषावर सरकारी रुग्णालयांत मिळणारं प्रतिविष चालतं. दंश झाला तर चिरू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. अंगठी, घड्याळ, बूट काढा, तो अवयव शक्य तितका स्थिर ठेवा आणि मदतीला फोन करा. रेंज नसेल आणि कोणी येण्यासारखं नसेल, तरच सावकाश चालत वस्तीकडे जा. धावू नका. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.

सायकल मोडली तर

समजा, उतारावर एक जाड काटकी मागच्या चाकात गेली. कट्ट असा आवाज झाला आणि पेडल अडकलं. पहिली गोष्ट म्हणजे जोर लावून पेडल फिरवू नका. त्या एका झटक्याने वाकलेला भाग तुटतो. उतरा, सायकल वाटेच्या बाजूला हँडल-सीटवर उलटी उभी करा आणि चाक मागे फिरवत काटकी सोडवा. मग मागच्या बाजूने डोळा लावून बघा. डिरेलरचा पिंजरा चाकाला समांतर आहे की आत झुकलाय? झुकला असेल तर हँगर वाकलाय. आता सर्वांत हलका गिअर टाकलात तर पिंजरा आऱ्यांत अडकेल, म्हणून मधल्या दोन-तीन गिअरवरच परत या.

हँगर तुटलाच असेल तर पिशवीतला नवा बसवा. डिरेलरच मोडला असेल तरी सायकल निकामी झालेली नाही. चेन तोडा, डिरेलर बाजूला काढा, चेन पुढच्या दातेरी चकतीवरून मागच्या मधल्या चकतीवर सरळ रेषेत घ्या, जादा कड्या काढून टाका आणि क्विक लिंकने जोडा. हार्डटेलवर ही युक्ती चांगली चालते. एकच गिअर उरतो, सपाटीवर बसायचं आणि चढावर ढकलायचं, पण संध्याकाळच्या आत घरी पोचता येतं.

पंक्चर झालं तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडकं हळूहळू फिरवा. बाभळीचा काटा बाहेरून तुटलेला असतो आणि टोक आत शिल्लक असतं. फडकं जिथे अडकेल तिथे तो आहे. तो न काढता घातलेली दुसरी ट्यूब पाच मिनिटांत बसते. टायरलाच चीर गेली असेल तर आतून घडी केलेली नोट किंवा चिक्कीचं जाड वेष्टण लावा आणि हवा थोडी कमी भरा. हे सगळं घराच्या अंगणात एकदा करून बघा. रानात, घामेजल्या हातांनी, पहिल्यांदा शिकायची ही कामं नाहीत.

स्वतःला लागलं तर

पडल्यावर लगेच उठू नका. मिनिटभर तसेच राहा, बोटं हलवा, मान दुखते का बघा, मग बसा. डोकं आपटलं असेल, हेल्मेटला तडा असेल, गरगरत असेल, मळमळत असेल तर दिवस तिथेच संपला. सायकल झाडाला लावा आणि जवळच्या वस्तीकडे चाला. रक्त वाहत असेल तर गॉझ ठेवून सलग दहा मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. चालता येत नसेल तर सावलीत, पण वाटेच्या कडेला दिसेल अशा जागी बसा. शिट्टीचा सर्वमान्य संकेत मिनिटाला सहा फुंकरांचा आहे, मग एक मिनिट थांबून पुन्हा. मदत बोलावायला हाच संकेत हेडलॅम्पनेही देता येतो.

उन्हाची सूचनाही ओळखा. डोकं ठणकणं, घाम असूनही अंगावर शहारे, साधा हिशेब न जमणं ही लक्षणं दिसली की सावली गाठा, डोकं-मान भिजवा, ओआरएस घोटाघोटाने प्या. तळाची बाटली उघडायची वेळ हीच. ती उघडली की पुढे जायचं नाही, फक्त परत.

वळण्याची वेळ

निघतानाच वळण्याची वेळ ठरवा आणि घड्याळात गजर लावा. गजर वाजला की टोक अर्ध्या किलोमीटरवर असलं तरी वळा. वेळेचा वाटा संपला नाही पण पाण्याचा पहिला वाटा संपला, तरी वळा. पायात गोळा आला, ब्रेक नीट धरत नाही, आभाळ भरून आलं, किंवा कारण सांगता येत नाही पण मन धजत नाहीये, तरीही वळा. एकट्या माणसाला समजावणारं कोणी नसतं, म्हणून हे नियम घरातल्या शांत डोक्याने आधीच ठरवायचे असतात. परतीच्या शेवटच्या तासाभरात अपघात सहज होतात, कारण पाय थकलेले असतात आणि वाट माहीत आहे असं वाटून वेग वाढतो. त्या तासाला सकाळपेक्षा हळू चालवा.

रानातून कचरा स्वतःचा आणि जमल्यास दुसऱ्याचाही परत आणा. वाटेवर झाड पडलेलं, वणवा, फासे किंवा तारेचा सापळा दिसला तर १९२६ला कळवा. ज्या अंगणात गाडी लावली होती तिथे परत आल्याचं सांगा. घरचा फोन शेवटचा नाही, पहिला करा.

या हिवाळ्यात असा एक दिवस काढा. जवळची, साधी, वस्तीची वाट निवडा, परवानगी घ्या, चिठ्ठी लिहा आणि जा. टोकापर्यंत पोचला नाहीत तर काही बिघडत नाही, वाट पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे. तळाची बाटली न उघडता, उजेड असताना, स्वतःच्या पायांनी परत आलात, तर तो दिवस पूर्ण यशस्वी झाला असं समजा.